ट्रम्प-हॅरिस मॉक डिबेट: डिबेट जिंकली, निवडणूक हरली, मग मी काय कॉपी करू?

बीए_दुसरं_वर्ष

नमस्कार, प्रश्न लांबलचक आहे पण वाचा प्लीज, कारण घरी विचारलं तर बाबा म्हणतात अमेरिकेचं राहू दे, आधी आपल्या गल्लीतली नाली कोण साफ करणार ते विचार.

तर आमच्या कॉलेजात राज्यशास्त्रवाल्यांनी मॉक प्रेसिडेन्शियल डिबेट ठेवली आहे, २०२४ ची, ट्रम्प विरुद्ध कमला हॅरिस. चिठ्ठ्या टाकल्या. मला हॅरिस आली आणि ट्रम्प गेला आमच्या वर्गातल्या अशा पोराकडे जो गॅदरिंगमध्ये नुसता स्टेजवर चढला तरी पोरं हसायला लागतात. नियम बरेचसे तिकडच्यासारखेच, दोन मिनिटं उत्तर, एक मिनिट खोडून काढायला, कागद पाहायचा नाही, कोरं पॅड आणि पेन मिळेल. निम्मे मार्क सरांचे आणि निम्मे हॉलमधल्या पोरांच्या मतदानाचे, आणि हॉलमध्ये आमच्यापेक्षा कॉमर्सवाले जास्त राहणार हे आत्ताच सांगते.

१० सप्टेंबर २०२४ ची फिलाडेल्फियाची दीड तासाची डिबेट मी दोनदा पूर्ण पाहिली. मैत्रिणी म्हणून राहिल्या की तुझं काय, तुझं सोपं आहे, तिनं केलं तेच कर, ती तर जिंकलीच होती. हो जिंकली होती, त्या रात्री सीएनएननं डिबेट पाहणाऱ्यांना विचारलं तर ६३ टक्के तिच्या बाजूनं आणि ३७ ट्रम्पच्या. आणि मग नोव्हेंबरात काय झालं, सातच्या सात स्विंग स्टेट, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणारी राज्यं, गेली, राज्यवार मिळणारी इलेक्टोरल मतं ३१२ विरुद्ध २२६. म्हणजे मी जे कॉपी करायला बसली ते करून ती हरलीच ना? की डिबेटचा आणि निवडणुकीचा काही संबंधच नसतो आणि मी उगाच डोकं फोडून राहिली?

दुसरं म्हणजे धोरणं. वहीची चौदा पानं भरली आहेत, टॅक्स, टॅरिफ, गर्भपात, इमिग्रेशन, फ्रॅकिंग (खडक फोडून तेल-वायू काढणं), युक्रेन. दोन मिनिटांत यातलं किती बसतं? मी मोबाइलवर वेळ लावून बोलून पाहिलं तर फक्त टॅक्समध्येच पहिली घंटा वाजली.

तर्री_पोहे

ताई खरं सांगू का, डिबेट-बिबेट काही नसते. तिकडचे लोक ती आयपीएलसारखी पाहतात, आपली टीम आधीच ठरलेली असते, आउट झाला तरी अंपायर चोर.

पाहा ना, १९८४ मध्ये पहिल्या डिबेटमध्ये रेगन अडखळला, वय ७३, सगळे म्हणाले गेला बुढा. पुढच्या डिबेटमध्ये त्यानं एक जोक मारला की माझ्या विरोधकाच्या कोवळ्या वयाचं आणि अननुभवाचं मी राजकारण करणार नाही, समोरचा मोंडेल स्वतःच हसला आणि रेगन ४९ राज्यं घेऊन गेला. २००४ ला केरीनं पहिली डिबेट मारली, हरला. २०१२ ला डेनव्हरमध्ये ओबामा झोपेतून उठून आल्यासारखा बोलला, रोम्नीनं त्याला धुतला, तरी जिंकला ओबामाच. २०१६ ला हिलरी बाई पोलमध्ये तिन्ही डिबेट जिंकल्या. आता बोला.

एकच डिबेट खरोखर लागली, २७ जून २०२४, अटलांटा. बायडन बोलता बोलता हरवला आणि २१ जुलैला रेसमधूनच बाहेर. पण ती काही स्ट्रॅटेजी नव्हती बापा, तिथं माणसाचं वय दिसलं.

तुम्ही मस्त दोन शेर मारा आणि मार्क घ्या.

निवृत्त_मास्तर

तर्री पोहे यांची यादी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. मी तीस वर्षं महाविद्यालयात शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो. 'वेगळा विदर्भ झालाच पाहिजे' हा विषय किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही, अनुकूल बाजूचा पोरगा १९५३ चा नागपूर करार आणि अनुशेष घेऊन यायचा, प्रतिकूल बाजूचा उत्पन्न कुठून आणणार ते विचारायचा, आणि ढाल दरवेळी वेगळ्याच कारणानं कुणाकडे तरी जायची. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, पोरी, कंटाळा आला तर सोडून दे.

सगळे १९६० पासून सुरू करतात म्हणून मीही करतो. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो, केनेडी आणि निक्सन, टीव्हीवरची पहिली. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शननं जवळपास दोन आठवडे हॉस्पिटलात काढून आलेला, वजन उतरलेलं, करडा सूट मागच्या पडद्यात मिसळून गेलेला, नीट मेकअप करून घ्यायला नकार. केनेडी गडद सुटात, उन्हात रापलेला. साडेसहा-सात कोटी लोकांनी ते पाहिलं आणि शेवटी दोघांत फरक पडला जेमतेम सव्वा लाखाच्या आत मतांचा. यावरून सांगतात की रेडिओवाल्यांना निक्सन जिंकला वाटला आणि टीव्हीवाल्यांना केनेडी. ही गोष्ट मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगितली. नंतर वाचलं की तिचा आधार एक छोटंसं सर्वेक्षण आहे, आणि तेव्हा रेडिओवर ऐकणारे लोक बरेचसे खेड्यापाड्यातले, आधीच निक्सनकडे झुकलेले असू शकतात. तेव्हा तू ती स्टेजवर सांगू नकोस, समोर एखादा वाचणारा सर बसला असेल तर पकडेल.

खरी शिकण्याची डिबेट १९८० ची. २८ ऑक्टोबर, क्लीव्हलँड, मतदानाला एकच आठवडा. कार्टर राष्ट्राध्यक्ष, अभ्यासू माणूस, आकडे तोंडपाठ. रेगननं शेवटच्या निवेदनात कॅमेऱ्याकडे पाहून लोकांनाच विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का, दुकानात जाऊन वस्तू घेणं तेव्हापेक्षा सोपं झालंय का. बस. त्या वर्षी तिकडे महागाई तेरा टक्क्यांच्या वर, तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस. उत्तर त्यानं दिलंच नाही, ते प्रत्येकाच्या घरात तयार होतं. ४४ राज्यं. (जाता जाता, रेगनच्या लोकांच्या हाती कार्टरच्या तयारीची वही लागली होती हे १९८३ मध्ये बाहेर आलं आणि बराच गहजब झाला. तू तुझी चौदा पानं जपून ठेव.)

आता २०२४ वर ये. तू दोनदा पाहिली म्हणतेस, पण पहिला प्रश्न आठवतो का? निवेदकानं हॅरिसना हेच विचारलं, अर्थव्यवस्थेच्या बाबतीत लोक चार वर्षांपूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असं तुम्हाला वाटतं का. आणि त्यांनी सुरुवात केली 'मी मध्यमवर्गीय घरात वाढले' इथून, मग घरं, मुलं, छोटे धंदे यांच्या योजना. ना हो म्हटलं, ना नाही. सापळा होताच. हो म्हटलं तर दुकानातलं बिल आडवं येतं, जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, नंतर दर उतरला तरी भाव काही खाली आले नाहीत. नाही म्हटलं तर स्वतःचंच सरकार, स्वतः उपाध्यक्ष.

मधल्या तासभरात त्यांनी ट्रम्पना अक्षरशः खेळवलं, त्याबद्दल वेगळं लिहितो. पण नाणेफेक ट्रम्पनी जिंकली होती आणि शेवटचं निवेदन त्यांनी आपल्याकडे ठेवलं होतं. त्यात त्यांनी एकच गोष्ट विचारली, ह्या म्हणतात हे करीन ते करीन, मग साडेतीन वर्षं सत्तेत होत्या तेव्हा का नाही केलं. दीड तास हरणाऱ्या माणसानं जाताना प्रश्न मात्र टेबलावर ठेवला. त्या रात्रीचे मार्क हॅरिसना मिळाले आणि तो प्रश्न पुढचे दोन महिने तसाच पडून राहिला. ८ ऑक्टोबरला टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात कुणीतरी साधं विचारलं की बायडनपेक्षा वेगळं काय केलं असतं, तर त्या म्हणाल्या तसं काही मनात येत नाही. संपलं.

म्हणून तर्री पोहे, संबंध असतो. फक्त तो टाळ्यांशी नसतो. डिबेटमधून लोक घरी कोणता प्रश्न घेऊन जातात ते पाहायचं, आणि तो प्रश्न त्यांच्या पिशवीतल्या वस्तूंशी जुळतो की नाही. अटलांटालाही तेच झालं, फक्त तिथं प्रश्न बायडननी स्वतःच, एक शब्दही न बोलता लोकांना देऊन टाकला.

तर्री_पोहे

मास्तर, मान्य. पण मग हिलरीचं काय?

निवृत्त_मास्तर

त्यांना लोकांची मतं ट्रम्पपेक्षा २८ लाखांवर जास्त पडली. ५३८ इलेक्टोरल मतांचा हिशेब राज्याराज्यांनी चालतो त्याला डिबेट काय करणार. सगळं खापर डिबेटवर नको.

हिशेबवाली

मी टॅक्सचं काम करते, रिटर्नचा सीझन संपलाय म्हणून वेळ आहे. बीए दुसरं वर्ष, तुझी चौदा पानं वाचली नाहीत तरी सांगते, तेरा फाड. कॉमर्सची पोरं आहेत म्हणून त्यांना आकडे आवडतील असं समजू नको, आकड्यांना तीच सगळ्यात जास्त कंटाळलेली असतात.

टॅरिफ घे, कारण दोघांमधला सगळ्यात स्वच्छ फरक तिथंच आहे आणि नागपूरच्या माणसाला तो संत्र्यावरून दोन वाक्यांत कळतो. ट्रम्पचं म्हणणं, बाहेरून येणाऱ्या सगळ्याच मालावर १० ते २० टक्के आणि चीनच्या मालावर ६० टक्के टॅरिफ लावू, पैसा दुसरे देश भरतील, कारखाने परत येतील. हॅरिसनं त्याला नाव दिलं 'ट्रम्प सेल्स टॅक्स', म्हणजे हा तुमच्याच खरेदीवरचा कर आहे. आता आपल्याकडे काय झालं? बांगलादेशानं २०१९ नंतर आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क दरवर्षी वाढवत नेलं. ते शुल्क भरलं कोणी? भारत सरकारनं नाही, तिकडच्या व्यापाऱ्यानं, माल सोडवताना. त्यानं तिकडे भाव वाढवला, ढाक्याचं गिऱ्हाईक कमी झालं, मग त्यानं इकडच्या व्यापाऱ्याला सांगितलं एवढा माल नको, आणि आंबिया बहाराची ती संत्री गाड्या भरभरून नागपूरच्या कळमना बाजारात उतरली, भाव पडला, काटोल-नरखेड-वरुडचा शेतकरी रडला. म्हणजे दोघंही मेले, पण कस्टमवर चेक फाडला तो आयात करणाऱ्यानं. ही गोष्ट अर्ध्या मिनिटात होते, हॉलमधल्या निम्म्या पोरांचे काका-मामा संत्र्यात असतील, आणि मग तू म्हण की आता विचार करा, अमेरिका ढाका आहे.

पण सावध. तुझा ट्रम्प हुशार असला तर तो म्हणेल टॅरिफ एवढे वाईट होते तर तुमच्या सरकारनं माझे चीनवरचे टॅरिफ चार वर्षं काढले का नाहीत? खऱ्या ट्रम्पनं हे म्हटलंच होतं, आणि ते खरंय. काढले तर नाहीतच, उलट मे २०२४ मध्ये बायडननं चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के लावले. यावर उत्तर तयार नसेल तर टॅरिफला हातच लावू नको. माझं उत्तर असतं की एका गाडीवर लावणं वेगळं आणि पोराच्या चपलेपासून टोस्टरपर्यंत सगळ्यावर लावणं वेगळं. आणि २०१८ च्या टॅरिफचा अभ्यास झालाय, बोजा बहुतेक अमेरिकेतल्याच आयातदारांवर नि गिऱ्हाइकांवर पडला, वरून चीननं सोयाबीन घेणं आखडलं तर तिकडच्या सोयाबीनवाल्यांना सरकारला अब्जावधी डॉलर द्यावे लागले. सोयाबीन म्हटलं की विदर्भात काही समजवावं लागत नाही.

टॅक्समध्ये एकच जोडी पुरे. २०१७ मध्ये ट्रम्पनं कंपन्यांचा टॅक्स ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला आणि २०२४ मध्ये म्हणाला अमेरिकेत माल बनवणाऱ्यांना १५ करीन. हॅरिस म्हणाली २८ करीन, आणि त्या बाजूनं नव्या बाळाच्या घराला पहिल्या वर्षी ६,००० डॉलरची सूट, नवीन धंद्याला ५०,००० डॉलरची वजावट, पहिलं घर घेणाऱ्याला डाउन पेमेंटला २५,००० डॉलर. बघ, तिच्याकडे देण्यासारखं होतं. पण लोकांच्या डोक्यात ते राहिलं नाही, कारण यादी झाली. सीएनं ऑडिट रिपोर्ट वाचून दाखवावा तशी. कोणतं तरी एक घे. मी छोट्या धंद्याचं घेईन, कॉमर्सच्या निम्म्या पोरांना स्टार्टअप काढायचंय.

टिप्सवर टॅक्स नको, हे मात्र अजिबात काढू नको. ते आधी ट्रम्प लास वेगासला म्हणाला, मग दोन महिन्यांनी तीही तिथंच म्हणाली. फरक दाखवायला उभी राहशील आणि कॉपी सापडेल.

बीए_दुसरं_वर्ष

हिशेबवाली ताई, संत्र्याचं लाजवाब! आमचे काका काटोललाच आहेत, मला कसं नाही सुचलं. सर, तुम्ही म्हणाला होता ते खेळवण्याचं लिहा ना, मला दोनदा पाहून पण ते नेमकं कसं केलं ते पकडता नाही आलं. आणि तो पहिला प्रश्न आमच्याकडे पण येणारच, सरांनी आधीच हिंट दिली. मग मी काय करू, मी पण मध्यमवर्गीय घरातून सुरू करू का? तशी आहेच मी.

निवृत्त_मास्तर

हा भाग पुन्हा काढून पाहा. प्रश्न इमिग्रेशनचा होता, म्हणजे हॅरिसच्या सगळ्यात कच्च्या बाजूवरचा, आणि टोकदार, सरकारनं सीमेवर पाऊल उचलायला निवडणुकीच्या सहा महिने आधीपर्यंत वाट का पाहिली. त्यांनी तीन पायऱ्यांत उत्तर दिलं. मी वकील होते, टोळ्यांवर खटले चालवले. सीमेचं विधेयक तयार होतं, ते ट्रम्पनी पाडायला लावलं. आणि मग, कारण नसताना म्हणावं तसं, त्या लोकांना म्हणाल्या की जरा ट्रम्पच्या सभेला जाऊन बघा, लोक कंटाळून मधूनच उठून जातात.

आता ट्रम्पकडे काय होतं? आपल्या घरचं मैदान. 'यांनी साडेतीन वर्षं काय केलं' एवढं म्हटलं असतं तरी पुरे. त्याऐवजी ते म्हणाले आधी मला सभांबद्दल बोलू द्या. कुणी सभेतून उठून जात नाही, माझ्या सभा सगळ्यात मोठ्या, आणि तिथून घसरत घसरत ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये स्थलांतरित लोक कुत्री-मांजरं खातात इथपर्यंत पोचले, जिथं निवेदकाला मध्येच सांगावं लागलं की तिथल्या सिटी मॅनेजरनं असं काही झाल्याचं नाकारलंय. दुसऱ्या दिवशी कोण बोललं सीमेवर? सगळे मांजरांवर. हॅरिसचा अडचणीचा प्रश्न असा नाहीसा झाला.

हे त्या क्षणी सुचलेलं नसतं. हॅरिस पिट्सबर्गच्या एका हॉटेलात काही दिवस सराव करत होत्या, समोर ट्रम्प म्हणून उभा राहणारा माणूस तोच होता जो २०१६ मध्ये हिलरींच्या सरावात ट्रम्प झाला होता, फिलिप राइन्स. २०१२ ला ओबामांसाठी केरी हे रोम्नी झाले होते. कशानं चिडतो, कुठं थांबवत नाही स्वतःला, हे असं शोधून काढतात.

पण आमिष दाखवून समोरचा चुकतो, एवढंच. तुझ्याबद्दल कुणाचं मत होत नाही. ती पोकळी भरायची तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि तिथं मला १९६८ चे हम्फ्री आठवतात. तेही उपाध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या व्हिएतनाम युद्धाचं ओझं गळ्यात. पोलमध्ये खूप मागे. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात त्यांनी बॉम्बफेक थांबवायची तयारी दाखवली, जॉन्सनपासून हातभर अंतर घेतलं, आणि तिथून फरक भरत आला, शेवटी निक्सनकडून एका टक्क्याच्याही आत हरले. उशीर झाला. निक्सन मात्र १९६० चा धडा शिकले होते, त्यांनी १९६८ ला आणि १९७२ ला डिबेटच केली नाही, हीसुद्धा स्ट्रॅटेजीच.

तेव्हा तू पहिल्याच वाक्यात म्हण, नाही, दुकानात गेल्यावर बरं वाटत नाही, मलाही दिसतं. आमच्या सरकारनं महागाईचा दर उतरवला पण भाव उतरले नाहीत, आणि मी एक गोष्ट वेगळी करणार आहे. कोणती ती तुझी तू ठरव. मध्यमवर्गीय घर वगैरे नंतर आण, आणायचंच असेल तर.

अजनी_लोको

सर तुमचं सगळं बरोबर पण एक गोष्ट राहून राहिली, समोरचा बोलताना हिचा चेहरा कसा राहील ते. १९९२ ला मोठा बुश, रिचमंडमध्ये लोकांच्या प्रश्नांची डिबेट चालू, त्यानं घड्याळ पाहिलं, बस तेच फिरलं सगळीकडे. तीच डिबेट जिथं एका बाईनं विचारलं की देशाच्या कर्जानं तुमचं स्वतःचं काय बिघडलं, बुश गोंधळला आणि क्लिंटन स्टुलावरून उठून तिच्याजवळ गेला आणि तिलाच विचारलं तुमचं काय झालं सांगा. २००० ला गोर माइकवर सुस्कारे टाकत बसला, फ्लोरिडात ५३७ मतांनी गेला. म्हणजे सुस्काऱ्यानं गेला असं नाही म्हणत मी, पण ५३७ मतं बे, तेवढी तर आमच्या एका बिल्डिंगीत आहेत.

हॅरिस बाईनं हेच चांगलं केलं, माइक बंद होता ना, तर हनुवटीला हात लावून हसत, भुवया वर करून पाहत राहिली, अर्धी डिबेट तर तिनं न बोलता जिंकली. आणि सुरुवातीला स्वतः चालत त्याच्या पोडियमपर्यंत जाऊन हात मिळवला, नाव सांगितलं. तू पण जा चालत. पोरगा हसवणारा आहे म्हणतेस ना, त्याला वाटेल तू घाबरलेली असशील.

आणि माइक बंद पडला तर? १९७६ ला फिलाडेल्फियातच फोर्ड-कार्टरचा आवाज गेला, २७ मिनिटं दोघं पोडियमशी खांबासारखे उभे, बसायला पण कोणी तयार नाही. कॉलेजचं साउंड सिस्टीम माहीत आहे मला, तयारी ठेव.

हिशेबवाली

गर्भपाताचं राहिलं. तिथं तुझी बाजू सगळ्यात भक्कम आहे आणि तिथं आकडे नको. गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टानं उलटवला, ते करणाऱ्या न्यायाधीशांतले तीन ट्रम्पनं नेमलेले, तो म्हणतो आता राज्यं ठरवतील. देशभराची बंदी आली तर रोखाल का, हे त्या डिबेटमध्ये विचारलं तर त्यानं सरळ उत्तर दिलं नाही. हाच प्रश्न तू तुझ्या ट्रम्पला विचार आणि गप्प बस. एक मिनिट त्यालाच भरू दे.

फ्रॅकिंग टाळ. २०१९ ला ती म्हणाली बंदी घालीन, २०२४ ला म्हणाली घालणार नाही, कारण पेनसिल्व्हेनियाची १९ इलेक्टोरल मतं. तुझ्या ट्रम्पनं काढलंच तर 'हो, मत बदललं' म्हण आणि पुढं चल, गोल गोल फिरू नको.

बीए_दुसरं_वर्ष

अपडेट. तेरा पानं खरंच फाडली, एक ठेवलं. संत्रं, छोटा धंदा, गर्भपात. पहिल्या उत्तराचं पहिलं वाक्य 'नाही' पासूनच सुरू होतं, सर, फक्त ते म्हणताना माझा आवाज अजून प्रश्नचिन्हासारखा वर जाऊन राहिला.

काल रात्री घरी सराव केला. धाकटा भाऊ ट्रम्प झाला, बाबांचा लाल टाय बांधून, आई निवेदक आणि तिच्या हातात कुकरचं झाकण, घंटा म्हणून. मी चांगली चालत जाऊन हात मिळवला. मग आईनं गर्भपातावर विचारलं, माझी भक्कम बाजू, मी तयार. तर त्यानं मध्येच टाकलं की ज्या बाईला स्कुटी डबल स्टँडला लावता येत नाही ती देश काय चालवणार, आणि गेल्या महिन्यात धरमपेठेत गाडी पाडली होती तेव्हा कोणाला फोन केला होता ते जनतेला सांगा.

आता तिथं उतार होता हे कोणालाच समजत नाही. मी ते नीट समजावून सांगितलं, उतार किती होता, गाडी किती किलोची, मागून रिक्षावाला कसा हॉर्न मारत होता. झाकण वाजलं तेव्हा आई म्हणाली, दोन मिनिटं झाली, बाळा, आणि अजून तू स्कुटीवरच आहेस.

भाऊ टाय सोडत नाही आहे. आज रात्री परत ठेवलाय सराव.